डावी नळी पुन्हा पुन्हा फुसकी जाते: जुन्या इंग्लिश घोड्याच्या दुनळीचं एक हट्टी दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या बंदुकीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. बाहेर घोडे असलेली जुनी इंग्लिश दुनळी, बारा बोर. उजवी नळी कधी दगा देत नाही. डावा चाप ओढला की घोडा पडतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि काडतूस तसंच राहतं. उघडून बघितलं तर काडतुसाच्या टोपीवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावर) खळगा आहे, पण उथळ. तेच काडतूस उजव्या नळीत घातलं की पहिल्या फटक्यात उडतं. उन्हाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतोच. ऑक्टोबर लागला, धुकं आणि भुरभुर पाऊस सुरू झाला, की दहातली तीन-चार काडतुसं डावीकडे अडायला लागतात.

माझ्या बंदुकीने हे तीन हिवाळे केलं. दर वेळी मी काही ना काही इलाज शोधला, दर वेळी ती बरी झाली असं वाटलं आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. दुरुस्ती व्हायची हिवाळा संपता संपता. पुढचे सहा महिने हवा कोरडी, त्यामुळे बंदूक चालायचीच, आणि त्याचं श्रेय दुरुस्तीला जायचं. हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली. तुमची वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. काडतूस अडलं की बंदूक लगेच उघडायची नाही. नळ्यांची तोंडं सुरक्षित दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. क्वचित दारू उशिरा पेट घेते, आणि त्या क्षणी बंदूक उघडी असेल तर काय होईल ते सांगायला नको. खाली ज्या चाचण्या लिहिल्या आहेत त्या सगळ्या रिकाम्या बंदुकीच्या आहेत. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग सुरू करा.

बंदूक कोणती, आणि ते का महत्त्वाचं

मी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला राहतो. ही बंदूकही बर्मिंगहॅमचीच. नळ्यांमधल्या पट्टीवर एका लहान गावातल्या विक्रेत्याचं नाव कोरलेलं आहे. बनवणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. त्या काळी असंच चालायचं. नळ्या एकाने घडवायच्या, लॉक (घोडा पाडणारी यंत्रणा) दुसऱ्याने, तेही बहुतेक वेळा वुल्व्हरहॅम्प्टन नाहीतर डार्लस्टनहून यायचे. लाकूड तिसऱ्याने बसवायचं, नक्षी चौथ्याने कोरायची. स्टीलहाऊस लेन, प्राइस स्ट्रीट, बाथ स्ट्रीट या गल्ल्यांमधून अर्धवट बंदुका एका कार्यशाळेतून दुसरीत हिंडायच्या आणि शेवटी ज्याचं दुकान त्याचं नाव लागायचं.

वय कळतं ते नळ्यांच्या पोटाखालच्या शिक्क्यांवरून. डाव्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द आहेत. म्हणजे या नळीचं तोंड आवळलेलं आहे, यातून अखंड गोळी मारू नका. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर या बंदूककाराने 1874 च्या सुमारास आवळत्या नळीला प्रसिद्धी दिली, आणि हे शब्द शिक्क्यात 1875 ते 1887 एवढीच वर्षं होते. तेव्हा माझी बंदूक त्या बारा वर्षांतली. शेजारी बराच नंतरचा, 1954 नंतरच्या पद्धतीचा शिक्का आहे: अडीच इंची काडतूस, चौरस इंचाला 3 टन दाब. म्हणजे मधे कुणीतरी ती पुन्हा प्रूफ हाऊसला (नळ्यांची ताकद तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेला) पाठवून आजच्या धूररहित दारूसाठी तपासून घेतली होती. तुमच्या बंदुकीवर असा नंतरचा शिक्का नसेल, तर ही सगळी समस्या बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा. अडीच इंची कोठीत आजचं पावणेतीन इंची काडतूस आरामात शिरतं. पण उडाल्यावर त्याच्या तोंडाची घडी उलगडायला पुढे जागा राहत नाही आणि दाब चढतो.

नळ्या जौहरदार आहेत, लोखंड आणि पोलादाच्या सळ्या पिळून, त्यांची फीत गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. त्यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण आजच्या आजारात त्या निर्दोष आहेत.

गुन्हेगार लॉकच्या आसपास आहे. त्यासाठी हे लॉक कसं चालतं ते समजून घ्यावं लागेल.

आधीच्या बंदुकांमध्ये घोडा पडला की पडलेलाच राहायचा. स्ट्रायकरचं, म्हणजे घोड्याचा ठोका टोपीवर पोचवणाऱ्या खिळीचं, टोक टोपीच्या खळग्यात रुतून बसायचं, आणि घोडा अर्धा वर ओढल्याशिवाय बंदूक उघडायचीच नाही. 1867 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटनने यावर उपाय काढून पेटंट घेतलं: घोडा पडून ठोका देतो आणि आपोआप थोडा मागे येऊन थांबतो. काही वर्षांत चांगल्या बंदुकांमध्ये हेच लॉक दिसू लागलं. माझ्यात तेच आहे.

घोडा मागे येतो तो त्याला पाडणाऱ्या त्याच मोठ्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोरावर. कमानीची एक बाजू टंबलरला खाली खेचते. टंबलर म्हणजे घोड्याच्या आसाला आतून बसवलेला तुकडा. घोडा टोपीजवळ पोचत आला की कमानीची दुसरी बाजू टंबलरला अडते आणि त्याला मागे रेटायला लागते. याचा अर्थ असा की शेवटचं थोडं अंतर घोडा कमानीच्या ताकदीवर कापतच नाही. तो नुसत्या वेगावर जातो, आणि तेही उलट्या रेट्याविरुद्ध. झोका जसा शेवटच्या उंचीला आपल्याच वेगावर चढतो, तसं. त्यामुळे वाटेत कुठेही काही घासलं, अगदी केसाएवढं, तर न मागे येणाऱ्या जुन्या लॉकला ते कळणारही नाही. या लॉकमध्ये मात्र ते थेट टोपीवरच्या खळग्यात दिसतं. उथळ खळगा म्हणजे कमान मेली असं नव्हे. बहुतेक वेळा काहीतरी घासतंय.

तीन प्रयत्न, जे चुकीच्या जागी झाले

पहिल्या हिवाळ्यात स्ट्रायकर बदलला. जुन्याचं टोक थोडं चपटं झालं होतं, त्यामुळे बदलणं योग्यच होतं. घोड्याच्या बंदुकीत स्ट्रायकर तिरका बसतो, एका बारीक स्प्रिंगसकट, आणि डावा-उजवा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येक त्याच्या भोकापुरता हाताने घासलेला असतो. तो काढल्यावर भोकात जुन्या तेलाचा मधासारखा चिकटा निघाला. तुमच्याकडेही सुरुवात इथूनच करा, कारण हे स्वस्त आहे आणि दहातल्या चार बंदुका एवढ्यानेच बऱ्या होतात असा माझा अनुभव आहे. स्ट्रायकर बोटाने दाबला की सरकन पुढे जायला हवा, सोडला की तितक्याच पटकन मागे. पुढे जाऊन राहत असेल तर स्प्रिंग गेली.

दुसऱ्या वर्षी काडतुसांवर संशय घेतला. वेगवेगळ्या पाच प्रकारची आणून पाहिली. काहींची टोपी कडक असते आणि ती जास्त अडली हे खरं. पण उजव्या नळीत तीच सगळी उडत होती. दोन नळ्यांची बंदूक असण्याचा हा मोठा फायदा आहे. शंका आली की उजवी नळी साक्षीदार म्हणून उभी असते. काडतुसाची कड आणि मागची भिंत यांत पोकळी किती, तेही मोजून घेतलं. ही पोकळी जास्त असेल तर ठोका बसताना काडतूसच पुढे सरकतं आणि जोर वाया जातो. दोन्हीकडे सारखीच निघाली. नळ्या बिजागरीवर हलतात का तेही पाहिलं: पुढचा लाकडी तुकडा काढून, बंदूक बंद करून, दस्ता काखेत धरून नळ्या कानाशी हलवायच्या. बारीक ‘टिक टिक’ ऐकू आली तर जोड सैल झालाय आणि तो कारागिराचाच विषय. माझ्यात आवाज नव्हता.

तिसऱ्या वर्षी मला सांगण्यात आलं की कमान थकली आहे, ती तापवून पुन्हा ताणू. त्याला मी नकार दिला, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकच शहाणी गोष्ट. ही कमान दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कानशीने घासून, लांबीभर एकसारखी निमुळती करून, पाणी देऊन बसवली आहे. तिची ताकद टंबलरच्या उतारांशी जुळवलेली आहे. ती वाढवली तर पुढचा ठोकाही वाढतो आणि मागचा रेटाही. घोड्याच्या जोरात अपेक्षेइतकी भर पडत नाही, चाप मात्र जड होतो, आणि कमान मोडली तर तशी दुसरी बाजारात मिळत नाही, करूनच घ्यावी लागते. ज्या बंदुकीचं लॉक हातात घेतल्यावर दोन्ही बाजूंनी सारखंच ताठ वाटतं, त्या बंदुकीच्या कमानीला कुणालाही हात लावू देऊ नका.

ज्या चाचणीने उत्तर सापडलं

लाकूड बसवण्याच्या कामातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध कारागिराची ओळख झाली. त्यांनी बंदूक हातात घेतली, घोड्याला हातही लावला नाही, आणि लॉकच्या पट्टीवरच्या आडव्या स्क्रूकडे बोट दाखवलं. म्हणाले, खाच बघ.

चांगल्या इंग्लिश बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत असतात, सगळ्या पुढे-मागे तोंड करून. ही नुसती शोभा नाही. स्क्रूचं डोकं असं घासलेलं असतं की लॉक आपल्या जागी नेमका बसला की खाच रेषेत येते. माझ्या स्क्रूची खाच रेषा ओलांडून घड्याळाच्या काट्याप्रमाणे दहा-बारा मिनिटं पुढे गेली होती. म्हणजे स्क्रू त्याच्या ठरलेल्या जागेपेक्षा जास्त आत गेला होता. लोखंड तर दबत नाही. मग दबलं काय? खालचं लाकूड.

त्यांनी स्क्रू पाव फेरा सैल केला आणि डाव्या नळीत स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालून घोडा पाडला. आवाजच वेगळा आला. आधी ‘टक्’, आता ‘टॅक्’, उजव्यासारखा. पुन्हा आवळला, पुन्हा ‘टक्’. तीन वर्षांचं कोडं स्क्रूच्या पाव फेऱ्यात सुटलं होतं.

हीच चाचणी तुम्ही घरी करा. जुळवून घासलेला पेचकस हवा. या स्क्रूंच्या खाचा इतक्या अरुंद असतात की दुकानातला साधा पेचकस त्यात जातच नाही, आणि जबरदस्ती केली तर कडा फाटतात. दीडशे वर्षांच्या बंदुकीवर फाटलेली खाच सर्वात आधी डोळ्यांत भरते. स्क्रू पाव फेरा सैल केल्यावर ठोका सुधारला तर दोष लाकडात आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष लॉकच्या आत, स्ट्रायकरमध्ये किंवा काडतुसात. सैल स्क्रूने प्रत्यक्ष बार मात्र काढू नका, ही फक्त परीक्षा आहे. आणि स्नॅप कॅपशिवाय घोडा पाडू नका. समोर काहीच नसेल तर स्ट्रायकरचं टोक कधीतरी तुटतंच.

दुसरी खूण लॉक बाहेर काढल्यावर मिळते. माझी बंदूक मागच्या कमानीची आहे. काही लॉकमध्ये कमान टंबलरच्या पुढे असते, ॲक्शनच्या (नळ्यांमागच्या सांगाड्याच्या) लोखंडात. ती लाकडाला क्वचितच लागते. मागच्या कमानीच्या लॉकमध्ये कमान टंबलरच्या मागे, दस्त्याच्या मुठीत, चहूबाजूंनी लाकडात असते. हिवाळ्यात वाढणारं हे दुखणं त्यामुळे या प्रकारात जास्त. माझ्या कमानीच्या कडेला एक चकचकीत रेघ होती, आणि समोरच्या लाकडावर तितकीच लांब गुळगुळीत, काळपट पट्टी. जिथे दोघांनी एकमेकांना कधी शिवायचंच नाही, तिथे ती रोज घासत होती. लॉक हातात असताना घोडा ओढून कधीही सोडून देऊ नका. बंदुकीत तो स्ट्रायकरवर थांबतो. हातात त्याला थांबवायला काही नसतं आणि टंबलरचा काठ तुटतो. अंगठ्याने धरून हळू खाली न्यायचा.

लाकूड आत का बसलं

याला दोन कारणं, आणि ती एकमेकांना मदत करतात.

एक तेल. बंदूक साफ केली की आपण सढळ हाताने तेल देतो आणि नळ्या वर, दस्ता खाली अशी उभी करून ठेवतो. तेल भिंतीवरून उतरतं, ॲक्शनमधून झिरपतं आणि नेमकं दस्त्याच्या डोक्यात साचतं, जिथे लाकूड सगळ्यात पातळ आणि जिथे लॉक टेकतो. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं अक्रोड मऊ पडतं. मग त्यावर आवळलेला स्क्रू लॉकला केसाकेसाने आत ओढतो. सैल वाटलं की आपण आणखी आवळतो. मीही तेच केलं.

दुसरं पाणी. हवेतली सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या वजनाच्या सुमारे 9 टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता 80 टक्के झाली की सुमारे 16 टक्क्यांवर. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं मात्र फुगतं. अक्रोडाची 5 मिलिमीटर जाडीची भिंत एवढ्या फरकाने जास्तीत जास्त एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फुगते. ऐकायला काहीच नाही. पण कमान आणि लाकूड यांत मुळात ठेवलेली फट एखाद्या कागदाच्या जाडीची होती, आणि त्यातली अर्धी लॉक आत बसल्यामुळे आधीच गेली होती. राहिलेली ऑक्टोबरची हवा खाऊन टाकायची.

मग डावीकडेच का? माझं बंदुकीचं लोखंडी कपाट बाहेरच्या थंड भिंतीला लागून होतं आणि बंदूक त्यात डाव्या कुशीवर टेकलेली असायची. त्या बाजूला हाताला गारवा आणि ओल जाणवायची. कपाट आता आतल्या भिंतीला आहे.

इलाज: काजळी, खरवडणी, पट्टी

हे काम त्या वृद्ध कारागिरांनी केलं, मी शेजारी बसून दिवा धरला. यातलं बरंच घरी करता येईल असं वाटेल, पण करू नका, निदान पहिल्यांदा तरी. कापलेलं लाकूड परत येत नाही. तरीही प्रक्रिया माहीत असावी, म्हणजे कारागिराला नेमकं काय सांगायचं ते कळेल.

आधी लाकडातलं तेल काढलं. लॉक, चाप, सगळं लोखंड बाजूला करून खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून दस्त्याच्या डोक्यावर थापायची, वाळू द्यायची, झटकायची. खडू तेल शोषून पिवळा पडतो. पुन्हा थापायची. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास ज्योत नको, ॲसिटोन क्षणात पेटतं. आम्हाला असं अकरा वेळा करावं लागलं, तीन आठवडे लागले. शेवटी खडू पांढराच राहिला आणि लाकूड, जे मी कायम काळं समजत होतो, मधासारखं तपकिरी निघालं.

मग काजळी. रॉकेलच्या चिमणीची वात थोडी मोठी करून तिच्या धुरावर लॉकची आतली बाजू धरायची. लोखंडावर मखमलीसारखा काळा थर बसतो. लॉक सरळ आपल्या जागी दाबायचा, स्क्रू लावायचा, घोडा एकदा ओढून हळू खाली न्यायचा, आणि लॉक पुन्हा बाहेर. आता लाकडावर जिथे काळं उमटलं, तिथे लोखंड टेकतंय. ही त्यांची रोजची, आयुष्यभराची पद्धत. मुळात हे लाकूड बसवणाऱ्यानेही असंच केलं होतं: काजळी, ठसा, खरवडणी, पुन्हा काजळी, शंभर वेळा.

आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण त्या दिवशी जे पाहिलं ते विसरता येत नाही. लॉकचा खळगा तेलाच्या काळ्या थराखालून बाहेर आला तेव्हा त्यात छिन्नीची प्रत्येक खूण दिसत होती. पट्टीच्या कडेशी लाकूड आणि लोखंड यांच्यात पातळ पान सरकणार नाही अशी जुळणी. आत मात्र त्याने गरजेपेक्षा एक कणही जास्त लाकूड काढलेलं नव्हतं. कमानीपुरती वाट, टंबलरपुरता गोल, सिअरच्या (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या) शेपटीपुरती चीर. जितकं लाकूड राहील तितकी मूठ मजबूत, म्हणून एवढी काटकसर. ब्राइडलच्या (टंबलरला जागेवर धरणाऱ्या पट्टीच्या) दोन छोट्या स्क्रूंसाठी वाटाण्याएवढे दोन वेगळे खळगे होते, दोन्ही वेगळ्या खोलीचे, कारण दोन स्क्रूंची डोकी वेगळ्या उंचीची होती. कुणालाही कधी न दिसणाऱ्या जागी. एका कोपऱ्यात पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले होते, बहुधा कामाचा क्रमांक, अजून वाचता येण्यासारखे. त्या माणसाने नाव मागे सोडलं नाही, पण त्याचा हात तिथे स्पष्ट होता.

ठसे बघितल्यावर दोष उलगडला. लॉकची पट्टी जिथे सभोवार टेकायला हवी, तिथे मागच्या अर्ध्या भागात काळं उमटलंच नव्हतं. लाकूड दबून खाली गेलं होतं. आणि जिथे काहीच टेकायला नको, म्हणजे कमानीच्या वाटेत आणि टंबलरच्या कडेला, तिथे गडद काळे डाग. नुसतं घासणारं लाकूड खरवडलं असतं तर त्या हिवाळ्यापुरतं भागलं असतं, पण स्क्रू लॉकला पुन्हा आत ओढत राहिला असता आणि दोन वर्षांनी नवा डाग उमटला असता. म्हणून त्यांनी आधी टेकण्याची जागा उचलली: जुन्या अक्रोडाची पापुद्र्यासारखी पातळ पट्टी, मूळ लाकडाच्या रेषांशी रेषा जुळवून, दबलेल्या भागावर चिकटवली आणि काजळीने पुन्हा समपातळीला आणली. त्यानंतर काजळीने ठसे घेत घासण्याची जागा खरवडली. प्रत्यक्षात दोन डागांवरून मिळून चिमूटभरसुद्धा भुसा निघाला नाही.

शेवटी आतल्या सगळ्या उघड्या लाकडावर पातळ लाखेचे दोन हात, मधे एक दिवस सोडून. बाहेरून दस्ता जवसाच्या तेलाने कितीही चकचकीत असला तरी आतलं लाकूड उघडं असेल तर ओल तिथूनच आत जाते. लाख ओल पूर्ण थांबवत नाही, पण तिचा वेग खूप कमी करते, आणि सांडलेलं तेलही अडवते.

तुमच्या कारागिराला तीनच गोष्टी विचारा: तेल काढणार का, टेकण्याची जागा उचलणार का, आतून लाख देणार का. तो थेट कानस घेऊन कमानीकडे निघाला तर बंदूक परत घ्या.

परत येऊ नये म्हणून

तेल थेंबाने द्यायचं, धारेने नाही. साफ केल्यावर बंदूक पहिली रात्र नळ्यांची तोंडं खाली करून, फडक्यावर उभी ठेवायची. जादा तेल तोंडातून उतरतं, दस्त्यात जात नाही. पावसात भिजून आली तर लगेच कपाटात कोंबायची नाही. नळ्या वेगळ्या करून घरातल्या साध्या उबेत रात्रभर राहू द्या, हीटरजवळ मुळीच नको. पटकन वाळलेलं लाकूड तडकतं. आणि वर्षातून एकदा, पावसाळी दिवसात, स्क्रूची खाच बघायची. ती रेषेतून सरकायला लागली की काडतूस अडायच्या आधीच तुम्हाला कळेल.

स्क्रू रेषेच्या पुढे आवळायचा नाही. सैल वाटला तरी नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी, कोकणात, साताऱ्याकडे, विदर्भात, आजोबांच्या परवान्यावरची अशीच बारा बोर असेल. इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या मँटनसारख्या दुकानांतून आणि मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून इंग्लिश बंदुका आपल्याकडे आल्या, आणि संस्थानिकांच्या, इनामदारांच्या, वकिलांच्या घरांत राहिल्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यातल्या बहुतेक भिंतीशी उभ्या आहेत. हे दुखणं तिथे आणखी जोरात होणार, कारण जुलैतल्या कोकणापुढे इंग्लंडचा ऑक्टोबर कोरडा म्हणावा लागेल. त्यात निवडणूक आली की परवान्याची हत्यारं बऱ्याचदा ठाण्यात जमा होतात आणि काही आठवडे बंद खोलीत राहतात. जमा करण्याआधी नळ्यांना आतून तेलाचा हलका हात फिरवा, लॉकला मात्र तेल ओतून देऊ नका. आणि परत आल्यावर दोन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या, मगच घोडा ओढून बघा. कुठेही उघडायची असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच. बंदूक जुनी आहे म्हणून कायदा सैल होत नाही; बारा बोरचं काडतूस आजही सगळीकडे मिळतं, म्हणून इंग्लंडमध्येसुद्धा माझ्या या म्हाताऱ्या बंदुकीला पूर्ण परवाना लागतो.

माझ्या बंदुकीवर हे काम होऊन दोन हिवाळे झाले. गेल्या नोव्हेंबरात सलग चार दिवसांच्या पावसानंतर मातीच्या थाळ्यांवर पन्नास काडतुसं उडवली, पंचवीस डावीकडून. एकही अडलं नाही. घरी आल्यावर दिव्याखाली धरून पाहिलं: डाव्या लॉकवरचा स्क्रू, खाच नळीच्या अगदी रेषेत.